हिरव्या काठाची ताटली

१९७९ च्या मार्च महिन्यात इजिप्त आणि इस्रायल यांच्या शांतता करारावर सह्या झाल्या. त्या दिवशी आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या सामिया अब्लांची हिरव्या काठाची ताटली तळमजल्यावर, उम्म निझार यांच्या स्वयंपाकघरात होती. ती परत वर जायला तीन वर्षांहून अधिक काळ लागला.

इमारत कतारमध्ये, दोहाच्या बिन महमूद भागात होती. एकेका मजल्यावर एकच घर. तळमजल्यावर अबू निझार आणि उम्म निझार हे पॅलेस्टिनी जोडपं आणि त्यांचा मुलगा निझार. अबू निझार नगरपालिकेत जमीनमोजणीचं काम करत आणि घरी फार कमी बोलत. दुसऱ्या मजल्यावर इजिप्तचे उस्ताद फतही, सरकारी शाळेत गणित शिकवणारे, आणि त्यांच्या पत्नी सामिया. थोरल्या बहिणीला किंवा शिक्षिकेला म्हणतात तसं आम्ही त्यांना अब्ला म्हणत असू. मधल्या मजल्यावर आम्ही, रत्नागिरीकडचे. अब्बा मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात क्लार्क होते. अम्मा, मी आणि धाकटा राशिद. राशिदमुळे सगळी इमारत अम्माला उम्म राशिद, म्हणजे राशिदची आई, म्हणायची. अम्माला शाळेतलं अरबी येत नव्हतं. तिचं अरबी स्वयंपाकघरात तयार झालेलं होतं, त्यात क्रियापदं कमी आणि भाज्यांची नावं जास्त होती. तरीही तिचं कधी अडल्याचं मला आठवत नाही. अडलंच तर ती मला पुढे करायची.

त्या घराचे आवाज अजून क्रमाने सांगता येतात. पहाटेची अजान, मग खिडकीतल्या एअरकंडिशनरची घरघर, मग पाण्याच्या टँकरची मोटर, आणि दुपारनंतर तिन्ही मजल्यांवरचे रेडिओ. वर कैरो लागलेलं असे, खाली बैरूत किंवा दमास्कस, आणि आमच्याकडे अब्बा लंडन आणि दिल्ली आलटून पालटून लावत. एकच बातमी तीन मजल्यांवर तीन तऱ्हेने ऐकू यायची. पुढे वृत्तपत्राच्या कचेरीत मी जो धंदा शिकले, त्याची सुरुवात त्या जिन्यात झाली असं म्हणता येईल. याखेरीज आणखी एक आवाज होता. तिन्ही स्वयंपाकघरांतून पाण्याचा एकच लोखंडी पाइप खाली उतरत होता. चहा झाला, कणीक उरली, मासे आले, काहीही असलं की कोणीतरी पळीने त्या पाइपवर ठोके देई आणि बाकीच्या दोघी जिन्यात येत.

जिन्यातून ताटल्या फिरायच्या. वरून भाताची खीर, खालून जैतुनाच्या तेलातली वांगी, आमच्याकडून सांदण आणि कधी सुरमईचं कालवण. ताटली रिकामी परत करायची नाही, हा नियम तिन्ही घरांत सारखाच होता आणि तो कोणी कोणाला शिकवलेला नव्हता. "रिकामी बशी द्यायची नाय गो, घराची लाज जाते," अम्मा म्हणायची. घरात काही नसेल तर साखर घालायची, निदान दोन खजूर ठेवायचे. त्यामुळे कोणाची ताटली कोणाकडे आहे याचा हिशेब कधी मिटायचा नाही, आणि मिटावा अशी कोणाची इच्छाही नव्हती.

निझार माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. तो उस्ताद फतहींकडे गणित शिकायला वर जायचा आणि जाता-येता आमच्या दारात थांबायचा. एकदा त्याने अम्माच्या हातचं आंब्याचं लोणचं पोळीबरोबर खाल्लं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्लं आणि आणखी मागितलं. आखातातल्या लोकांना या लोणच्याची ओळख आहे. ते त्याला अंबा म्हणतात, आणि शब्द आपल्याच किनाऱ्यावरून तिकडे गेलेला आहे. त्या दिवसापासून तो अम्माला उम्म अंबा म्हणू लागला, लोणच्याची आई. अम्मा पळी घेऊन त्याच्यामागे धावायची आणि बरणी मात्र त्याच्या हाताला लागेल अशीच ठेवायची. उस्तादांसमोर तो हे कधी बोलला नाही. शिक्षकांसमोर शेजारच्या बाईंची थट्टा करण्याची पद्धत त्या घरात नव्हती. शुक्रवारी अबू निझारांच्या पिकअपमधून आम्ही सगळे कधीकधी अल रुवैसला जात असू, होड्यांवरून थेट मासळी घ्यायला. मागच्या उघड्या भागात निझार आणि उस्ताद फुटबॉलवरून वाद घालत आणि पुढे तिन्ही बायका मासळीच्या भावावरून.

१९७७ च्या नोव्हेंबरात इजिप्तचे अध्यक्ष जेरुसलेमला गेले, तेव्हा वरचा रेडिओ मोठा झाला आणि खालचा बंद झाला. तरी ताटल्या चालू होत्या. करारावर सह्या झाल्या त्या आठवड्यात मात्र उस्ताद आणि उम्म निझार जिन्यात समोरासमोर आले. आमचं दार उघडं होतं.

"तुमच्या अध्यक्षांनी आमचं घर विकलं, उस्ताद. विकण्याआधी आम्हाला विचारायचं तरी," उम्म निझार म्हणाल्या.

"माझे दोन भाऊ होते," उस्ताद म्हणाले. "एक सिनाईत राहिला. मढंसुद्धा आलं नाही. दुसरा राहावा, एवढंच मला कळतं."

"आणि आमचे?"

उस्ताद जिना चढून वर निघून गेले. त्यानंतर दोन्ही घरांतलं बोलणं थांबलं. कतारने इतर अरब देशांबरोबर इजिप्तशी राजनैतिक संबंध तोडले, पण इजिप्तचे शिक्षक शाळांत शिकवतच राहिले. आमच्या इमारतीतही साधारण तसंच झालं. उस्ताद भाडं भरत होते, जिना वापरत होते, आणि खालच्या दारावरून जाताना मान खाली घालत होते. निझार तेवढा वर जात राहिला. त्याच्या परीक्षेचं वर्ष होतं, आणि त्याच्या आईने त्याला अडवलं नाही.

अडकली ती ताटली. खीर घेऊन ती खाली गेली होती. उम्म निझार यांना ती भरून पाठवता येत नव्हती, कारण भरून पाठवणं म्हणजे बोलणं. रिकामी पाठवता येत नव्हती, कारण ती घराची लाज. ती त्यांनी धुऊन, पुसून खिडकीजवळच्या फळीवर उभी करून ठेवली. वरून कोणी मागितली नाही. मागणं हेही बोलणंच झालं असतं. "वॉशिंग्टनला सह्या झाल्या आणि ताटली बिन महमूदला अडकली," अब्बा म्हणायचे. पाइपवर वरून येणारे ठोके बंद झाले.

अम्माने यावर उपाय काढला आणि त्यात एकदा फसली. सामिया अब्लांनी ईदला कहक पाठवले होते, तुपातल्या, वरून पिठीसाखर भुरभुरलेल्या बिस्किटांसारख्या वड्या. अम्माने त्यातल्या अर्ध्या आपल्या स्टीलच्या ताटात काढून खाली पाठवल्या, आपल्याच म्हणून. कहकांवर चिमट्याने नक्षी काढतात आणि प्रत्येक बाईची नक्षी वेगळी असते, हे तिला ठाऊक नव्हतं. उम्म निझार यांनी एक वडी उचलून उजेडाकडे धरली.

"हिंदी बायका कहक कधीपासून करायला लागल्या?" त्यांनी मला विचारलं.

"शिकतेय म्हणाली."

"चांगली शिकली. तिच्या शिक्षिकेला सांग, तूप जास्त झालंय." आणि त्यांनी दुसरी घेतली.

मी हे वर सांगितलं. सामिया अब्ला म्हणाल्या, "त्यांच्या हातून तूप कायम कमीच पडायचं." पुढची तीन वर्षं निरोप असेच आमच्या स्टीलच्या ताटातून गेले. ते आमचेच आहेत असं धरून चालायची रीत पडली. इजिप्तच्या अध्यक्षांची संचलनाच्या वेळी हत्या झाली, तेव्हा रस्त्यावर काही गाड्यांनी आनंदाने हॉर्न वाजवले. उम्म निझार यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि मला म्हणाल्या, "आईला सांग, आज तळणीचं काही करू नकोस. जिन्यात वास जातो. वर दुखवटा आहे." हे मी वर सांगायचं होतं की नाही, ते त्या बोलल्या नाहीत. मी सांगितलं.

निझार तोवर बैरूतला इंजिनिअरिंग शिकायला गेला होता. त्याचे गणितातले गुण उस्तादांनी मिळवून दिलेले होते, हे तिन्ही मजल्यांना माहीत होतं. १९८२ च्या जूनमध्ये इस्रायलचं सैन्य लेबनॉनमध्ये शिरलं आणि बैरूतला वेढा पडला. त्याच्या थोडं आधी निझारचा फोन आला होता, तो शेवटचा. त्यानंतर दोन बातम्या आल्या. तिथून निसटून आलेल्या एकाने सांगितलं की निझार एका इस्पितळात स्ट्रेचर वाहतो. दुसऱ्याने सांगितलं की त्याच इस्पितळावर बॉम्ब पडला. पहिला माणूस निझारला नावाने ओळखत होता, दुसरा ओळखत नव्हता. दोन्हींपैकी एकही बातमी पक्की म्हणता आली नसती. अबू निझार रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन अब्बांच्या रेडिओपाशी बसत आणि बातम्या संपल्या की "शुक्रन" म्हणून उठत. बैरूतचं पाणी तोडल्याची बातमी आली, त्यानंतर उम्म निझार भांडी घासताना नळ अगदी बारीक सोडू लागल्या. कारण कोणी विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये समझोता झाला. पॅलेस्टिनी लढवय्यांनी बैरूत सोडायचं, जहाजांतून निरनिराळ्या अरब देशांत जायचं. रेडिओवर देशांची नावं वाचली गेली. ट्युनिशिया, सीरिया, जॉर्डन, सुदान, येमेन. त्या माणसांमध्ये निझार आहे का, कुठल्या जहाजावर, की तो बैरूतमध्येच आहे, की नाहीच, हे सांगणारं कोणी नव्हतं. अबू निझारांनी जिथे जिथे विचारता येईल तिथे विचारलं होतं.

उस्ताद दर उन्हाळ्यात इजिप्तला जात. त्या वर्षी फेरपरीक्षांसाठी ते लवकर परतले होते. एका दुपारी ते आमच्या दारात आले आणि सोफ्याच्या कडेला बसले. अम्माने काळा चहा ठेवला.

"उम्म राशिद, खाली एक निरोप द्यायचा आहे."

तीन वर्षं निरोप पोचवणाऱ्या अम्माने पहिल्यांदाच नकार दिला. "निरोप खलास," ती अरबीत म्हणाली, आणि मग मला मराठीत, "त्यांना सांग, बसून ऱ्हा म्हणावं. मी तिलाच घेऊन येते." ती स्वतः खाली गेली. खाली दोघींचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. उम्म निझार वर आल्या, डोक्यावर घाईने घेतलेली ओढणी, हात ओले. त्या बसल्या नाहीत. अब्बांनी एअरकंडिशनर बंद केला, म्हणजे बोलणं ऐकू यावं. खोली लगेच तापू लागली.

उस्तादांनी जमिनीकडे पाहत सांगितलं. येमेनला जाणारी जहाजं सुएझ कालव्यातूनच जाणार. त्यांचा भाऊ हसन पोर्ट सैदला दोरवाल्यांच्या बोटीवर होता. कालव्यात शिरताना प्रत्येक जहाज अशी एक बोट आणि तिची माणसं वर चढवून घेतं. वाटेत थांबायची वेळ आली तर जहाजाचे दोर किनाऱ्याला तेच बांधतात, आणि सुएझला उतरतात. "जहाज ग्रीक असो, रशियन असो, पहारा असो, नसो. दोरवाले वर घ्यावेच लागतात," उस्ताद म्हणाले. "हसन या जहाजांवर पाळी बदलून घेईल. मी त्याच्याशी बोललो आहे."

"तुमचा हसन माझ्या मुलाला ओळखतो?"

"नाही. म्हणून तर आलो. निझार नावाची मुलं पुष्कळ असतील. कोणी हो म्हणालं, तरी तुमचा विश्वास बसायला हवा. असं काही विचारा जे त्यालाच माहीत असेल. उत्तर मला सांगू नका. मला ठाऊक असलं, तर तुम्ही म्हणाल मीच भावाला पढवलं."

"म्हणेनच," उम्म निझार म्हणाल्या.

"म्हणून सांगू नका."

बातमी देणाऱ्याला उत्तर आधी माहीत असू नये, हा नियम मला पुढे एका मुख्य उपसंपादकांनी वर्षभर रागावून शिकवला. मी तो तेव्हाच ऐकला होता. उम्म निझार यांनी मूळ गावाचं नाव सुचवलं आणि स्वतःच खोडलं, ते कागदावर असतं. आजोबांचं नावही असतं. मग त्यांनी अम्माकडे पाहिलं.

"त्याला विचारा, मधल्या मजल्यावरच्या बाईंना तो काय म्हणायचा."

उस्तादांनी प्रश्न एकदा पुन्हा म्हणून पाहिला. अम्माने माझ्याकडे नजर टाकली, तिचा अर्थ तोंड बंद ठेव असा होता. राशिदला तिने आधीच दंडाला धरलं होतं.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं फार नाही. एक जहाज कालव्यातून गेलं आणि हसनला त्यावर चढता आलं नाही. आणखी एक यायचं होतं. अम्मा रोज काही ना काही करून खाली नेत होती आणि बहुतेक तसंच परत आणत होती. परत आणलेल्या भांड्यात खजूर असायचे. तेवढं उम्म निझार विसरल्या नाहीत.

ठोके दुपारी पडले. आम्ही जेवत होतो. पाइपवर पळीचे ठोके, आणि ते वरून. आधी अम्माला ते ओळखू आले नाहीत. मग ती हात न धुता उठली. दार उघडलं तेव्हा उस्ताद जिना उतरत होते, मागे सामिया अब्ला, हातात अजून पळी. खालून उम्म निझार येत होत्या, एका हाताने कठडा धरून. तिघंही आमच्या दारात थांबले.

"हसनचा फोन आला," उस्ताद म्हणाले. "सुएझला उतरून केला. काल तो जहाजावर होता. निझार नावाचे दोघे भेटले. पहिल्याला प्रश्नच कळला नाही, तो म्हणाला आमच्या घराला मजलेच नव्हते."

"आणि दुसरा?"

उस्तादांनी अम्माकडे पाहिलं आणि नजर फिरवली. "दुसरा बहुतेक तो नसावा. त्याने सांगितलं त्याला काही अर्थ नाही. आणि बाईंसमोर ते बोलणं बरं दिसत नाही."

"शब्द सांगा, उस्ताद."

"माफ करा, उम्म राशिद. तो म्हणाला, उम्म अंबा."

आमच्या दाराच्या आत तांदळाची गोणी उभी केलेली असे. उम्म निझार तिच्यावर बसल्या. अम्मा हसत होती आणि डोळे पुसत होती, खरकट्या हाताने, त्यामुळे मसाला डोळ्यात जाऊन आणखी पाणी येत होतं. उस्ताद एकेकाकडे पाहत होते. त्यांना अब्बांनी सांगितलं. लोणच्याची हकिकत ऐकताना ते भिंतीला टेकले.

"हातपाय आहेत?" उम्म निझार यांनी विचारलं.

"एका हाताला पट्टी आहे. पण हसनबरोबर त्याने दोर ओढला. म्हणजे हात चालतो."

"जेवला होता?"

"हसनने आपली भाकरी दिली. अर्धी त्याने शेजारच्याला दिली."

"लोणचं नव्हतं ना," अम्मा मराठीत म्हणाली, "नायतर दिली नसती." मी ते अरबीत सांगितलं. त्यावर सगळ्यांत आधी हसल्या त्या उम्म निझार. जूनपासून त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी गोणीवर बसूनच उस्तादांना सांगितलं, "या फोनने मी करार मान्य केला असं समजू नका."

"नाही समजत," उस्ताद म्हणाले.

"जहाज तुमच्या कालव्यातून गेलं, एवढंच."

"एवढंच."

आठवड्याभरात येमेनमधल्या एडनहून निझारचा स्वतःचा फोन आला, तळमजल्यावरच्या फोनवर. अबू निझार त्याच्याशी नेहमीपेक्षा जास्त बोलले. अम्मालाही खाली बोलावून रिसीव्हर दिला. पलीकडून काय हाक आली ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं. बातमी आता दोन ठिकाणांहून पक्की झाली होती.

ही सुटका एका घराची होती, हे आज लिहिताना नोंदवणं भाग आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बैरूतच्या निर्वासित छावण्यांमध्ये जी कत्तल झाली, तिच्यात उम्म निझार यांच्या माहेरची माणसं गेली. ती बातमी आली तेव्हा इमारतीत पुन्हा सगळे रेडिओ चालू होते, आणि ती ऐकायला सामिया अब्ला खाली, उम्म निझार यांच्याजवळ बसल्या होत्या. इजिप्त आणि इस्रायल यांच्यातला करार टिकला. त्याबद्दल खालच्या आणि वरच्या मजल्याचं मत मी दोहा सोडेपर्यंत एक झालं नाही. निझार पुढे एडनहून कुठे कुठे गेला, त्याची हकिकत वेगळी आहे.

ताटलीचं मात्र सांगायचं राहिलं. एडनच्या फोननंतरच्या शुक्रवारी सकाळपासून खालून वांगी तळल्याचा वास येत होता. उम्म निझार मकलूबा करत होत्या. मांस, वांगी आणि भात एकाच पातेल्यात शिजवून, पातेलं ताटावर उपडं करून वाढायचा तो पदार्थ. पाइपवर ठोके पडले नाहीत. अम्माने सवयीने आमचं स्टीलचं ताट ओट्यावर काढून ठेवलं आणि दार उघडं ठेवलं. दुपारच्या नमाजानंतर उम्म निझार जिना चढून आल्या. दोन्ही हातांत हिरव्या काठाची ताटली होती, तिच्यावर पालथी घातलेली दुसरी बशी, आणि कडेने वाफ येत होती. आमच्या दाराशी त्या थांबल्या नाहीत.